लेक धरायची, सून सोडायची : ४०१(के) टेस्टिंगमध्ये घरच्यांची मालकी कशी मोजायची

संध्याकाळी साडेसहाला माझा दिवस उजाडतो. थंडीच्या दिवसांत तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजलेले असतात. साताऱ्यात शाहूपुरीतल्या घराची माडी, अंगावर शाल, शेजारी चहाचा थर्मास आणि समोर लॅपटॉपवर कुठल्यातरी दातांच्या दवाखान्याची नाहीतर ट्रकवाल्याची कामगारांची यादी. नऊ वर्षं हेच करते आहे. त्याआधी पोवई नाक्याजवळ एका सीएंकडे होते, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. अडले ते नात्यांवर. या कामात नव्याने आलेली मुलंमुलीही तिथंच अडतात, म्हणून हे बैजवार लिहून ठेवते.

आधी थोडक्यात, हे काम म्हणजे काय. अमेरिकेतला ४०१(के) म्हणजे आपल्या पीएफचा लांबचा चुलतभाऊ. पगारातून म्हातारपणासाठी कापून घ्यायचं, पण किती ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सरकार करात सवलत देतं, बदल्यात अट घालतं, की प्लॅन फक्त मालकाच्या आणि मोठ्या पगारवाल्यांच्या सोयीचा नको. ते तपासायला दरवर्षी माणसांचे दोन ढीग करतात. एकात एचसीई, म्हणजे हायली कॉम्पेन्सेटेड एम्प्लॉयी. दुसऱ्यात उरलेले, एनएचसीई. दोन्ही ढिगांनी पगाराचे सरासरी किती टक्के बाजूला टाकले ते बघायचं, ही एडीपी टेस्ट. बाकीच्यांची सरासरी २ टक्क्यांपर्यंत असेल तर एचसीईंना दुप्पट चालते, २ ते ८ च्या मध्ये असेल तर २ टक्के जास्त, आणि ८ च्या वर असेल तर सव्वापट.

एचसीईच्या ढिगात शिरायला दोन दारं आहेत. एक पगाराचं. २०२५ ची टेस्ट करताना २०२४ चा पगार १,५५,००० डॉलरच्या वर हवा, २०२६ च्या टेस्टला २०२५ चा १,६०,००० च्या वर. प्लॅनमध्ये टॉप-पेड ग्रुपची निवड केली असेल तर या दारातून पगारात वरचे २० टक्केच आत येतात. हे सगळं एक्सेल करतं, त्यात शिकण्यासारखं फार नाही.

दुसरं दार मालकीचं. चालू वर्षात किंवा मागच्या वर्षात, एक दिवस का होईना, कंपनीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त मालकी असली की माणूस एचसीई. बरोबर ५ असेल तर नाही, त्याच्या वर हवी. या दाराला पगाराची अट नाही आणि खरी मेख इथंच आहे. मालकी नुसती स्वतःच्या नावावरची धरत नाहीत. घरच्यांची मालकीही तुमच्या नावावर आहे असं समजतात. यालाच ॲट्रिब्यूशन म्हणतात. बापाच्या गॅरेजात सुट्टीत काम करून ६,००० डॉलर मिळवणारा पोरगा, कंपनीचा एकही शेअर नावावर नसताना, हायली कॉम्पेन्सेटेड ठरतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती.

आमचे आण्णा तलाठी होते. वारसनोंदीला माणूस आला की अर्जाला हात लावायच्या आधी ते त्याला वंशावळ काढायला लावायचे. "तोंडी सांगू नको, कागदावर काढ." माणूस हमखास एखादी बहीण विसरायचा, आणि आण्णांना ते गावात सगळ्यांना ओळखत असल्यामुळं माहीत असायचं. मी न्यू जर्सीत कुणाला ओळखत नाही, पण कागद काढायची सवय उचलली. तुम्हीही उचला. सॉफ्टवेअरमध्ये टिक मारण्याआधी एक कोरा कागद घ्या. ज्याच्या नावावर कंपनीचा हिस्सा आहे आणि जो पगारावर आहे, अशा प्रत्येकाचं नाव लिहा. नावाखाली फक्त त्याच्या स्वतःच्या नावावरचे टक्के, सातबाऱ्यावर जसं नाव असतं तसे. हे पेनानं लिहा. बाण मात्र पेन्सिलीनं काढायचे.

आता बाण कुठून कुठं जातात ते. एचसीईसाठी अमेरिकन करकायद्याचं सेक्शन ३१८ चालतं. त्यात नवऱ्याचं बायकोला आणि बायकोचं नवऱ्याला लागतं. कोर्टानं घटस्फोट दिला असेल किंवा कायदेशीर वेगळं राहण्याचा हुकूम झाला असेल तर लागत नाही. नुसतं भांडून माहेरी गेली असेल तर लागतं. आईबापाचं मुलाला लागतं, मुलाचं आईबापाला, आणि मुलाच्या वयाला मर्यादा नाही. पन्नाशीतला मुलगाही मूलच. दत्तक मूलही पोटच्यासारखंच धरतात. १८४८ साली आपल्या साताऱ्याच्या गादीचा दत्तक डलहौसीनं मानला नाही आणि राज्य खालसा केलं. अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांनी निदान एवढा घोळ घातलेला नाही. सावत्र मुलाला मात्र, दत्तक घेतलं नसेल तर, बाण नाही.

नातवंडांचं प्रकरण एकतर्फी आहे. नातवाच्या नावावर शेअर असतील तर ते आजोबांचे धरतात. आजोबांच्या नावावर असतील तर नातवाचे धरत नाहीत. नवीन लोक इथं दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण काढतात. एकच टोक, वरच्या दिशेनं.

आणि भाऊ? भाऊ नाही. बहीणही नाही. हे आपल्या गळी उतरायला सगळ्यात अवघड. आपल्याकडं मालकी म्हटलं की आधी भावकी आठवते, बांधावरचा वाद आठवतो, चुलत्याचं संमतीपत्र आठवतं. सेक्शन ३१८ ला भावकीशी घेणंदेणं नाही. थोरला कंपनीचा शंभर टक्के मालक आणि धाकटा त्याच्याकडं १,२०,००० वर मॅनेजर असेल, तर धाकटा एनएचसीई. काका, पुतण्या, मेहुणा, सासरा, जावई, सून, सगळे बाहेर.

इथं हुशार पोरं विचारतात, की थोरल्याचं आईला लागतं ना, मग आईचं धाकट्याला लागेल. नाही लागणार. नात्यावरून आलेली मालकी पुन्हा नात्यावरूनच पुढं सरकत नाही. घरातल्या घरात बाण एकच उडी मारतो. आईकडं स्वतःच्या नावावर खरे ६ टक्के असतील तर गोष्ट वेगळी. तिथून नवा बाण निघतो आणि दोन्ही भावांना लागतो. म्हणून म्हटलं, पेनाचं आणि पेन्सिलीचं वेगळं ठेवा. बाण नेहमी पेनानं लिहिलेल्या आकड्यापासून निघाला पाहिजे.

सुनेचंही याच नियमात बसतं. सासऱ्याची कंपनी आहे, मुलगा आणि सून दोघं तिथं कामाला आहेत, मुलाच्या नावावर काही नाही. सासऱ्याचं मुलाला लागलं, तो एचसीई. तिथून बायकोकडं उडी नाही, सून एनएचसीई. पण कर वाचवायला म्हणून सासऱ्यानं मागच्या वर्षी मुलाच्या नावावर १० टक्के करून दिले असतील, तर ते पेनाचे १० झाले आणि सून त्या वर्षापासून एचसीई. दरवर्षी "मालकीत काही बदल?" हा प्रश्न विचारायचा तो याचसाठी. गेल्या वर्षीचा कागद चिकटवून चालत नाही.

कंपनीतून आलेला बाण मात्र घरात एकदा पुढं जातो. एका माणसाची अ कंपनीत ३० टक्के मालकी, आणि अ कंपनीकडं ब कंपनीची ४० टक्के. ३० टक्क्यांचे ४० टक्के म्हणजे त्याची ब मध्ये १२ टक्के धरायची. हे नात्यावरून आलेलं नाही, म्हणून त्याची बायको ब मध्ये पगारावर असेल तर तिलाही १२ लागतात. शेअर घेण्याचा ऑप्शन हातात असेल तर तो शेअर घेतल्यातच जमा. हे प्रकार कमी येतात, पण येतात तेव्हा रात्री दोन वाजता येतात.

आता माझी चूक सांगते. तपशील बदललेत, आकडे सोपे केलेत, हिशोब खरा आहे. मालक, बायको आणि सहा कामगार. मालकाचा पगार ३,००,००० डॉलर, त्यानं ६ टक्के म्हणजे १८,००० टाकले. बायकोचा ५०,०००, तिनं ४ टक्के, २,००० टाकले. दोघांची सरासरी ५. सहा कामगारांनी टाकले ११, ४, ३, २, १ आणि शून्य टक्के. बेरीज २१, सरासरी साडेतीन. त्यात २ मिळवून मर्यादा साडेपाच. पाच साडेपाचच्या आत, टेस्ट पास. मी हिरवा शेरा मारला आणि मोती चौकात पेढे घ्यायला गेले, कारण तो त्या सीझनचा शेवटचा प्लॅन होता.

ती ११ टक्केवाली मालकाची लेक होती. लग्न झालेली, आडनाव वेगळं, पत्ता वेगळा, पगार ४०,०००. मालकाकडून आलेल्या फॉर्मवर "कुटुंबीय" या रकान्यात फक्त बायकोचं नाव होतं. तिसऱ्या वर्षी कुठल्यातरी वेगळ्याच ईमेलमध्ये त्यानं लिहिलं, की मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे, तिचे हप्ते थांबवा. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पोटात गोळा आला.

लेकीला उचलून पलीकडच्या ढिगात ठेवा आणि काय होतं बघा. कामगार उरले पाच, बेरीज १०, सरासरी २, मर्यादा ४. एचसीई झाले तीन, ६ अधिक ४ अधिक ११ म्हणजे २१, सरासरी ७. साडेपाचला पाच असलेलं गणित चारला सात झालं. एकच नाव चुकलं, पण मार दोन्ही बाजूंनी बसला. तिनं इकडची सरासरी फुगवली होती आणि तिकडची दाबली होती. मालकाच्या घरातली मुलं बऱ्याचदा भरपूर टक्के टाकतात, कारण खर्चाला बाप असतो. त्यामुळं हा दुहेरी मार नेहमीचाच आहे.

जास्तीचे पैसे किती, ते काढताना टक्क्यांनी वरून छाटत यायचं. ११ वाली आधी ६ वर आणायची, मग ती आणि मालक दोघांना ४ वर. लेकीचे ७ टक्के म्हणजे २,८००, मालकाचे २ टक्के म्हणजे ६,०००. एकूण ८,८००. पण परत कुणाला द्यायचे ते टक्क्यांवर ठरत नाही, डॉलरवर ठरतं. ज्यानं सगळ्यात जास्त डॉलर टाकले त्याच्यापासून सुरुवात. मालकाचे १८,०००, लेकीचे ४,४००. मालकाचे ८,८०० काढले तरी ९,२०० उरतात, म्हणजे तोच वर. तेव्हा लेकीच्या नावानं झालेल्या चुकीचा सगळा परतावा बापाच्या गळ्यात. क्लायंटला हे फोनवर समजावताना माझी पंधरा मिनिटं गेली होती, तो सारखा म्हणत होता, "पण जास्त तर तिनं टाकलेत!" मालक पन्नाशीच्या पुढचा असेल आणि त्याचा कॅच-अप (त्या वयात नेहमीच्या मर्यादेच्या वर टाकता येणारी जादा रक्कम) शिल्लक असेल तर तेवढी रक्कम कॅच-अप म्हणून प्लॅनमध्येच राहू शकते. २०२५ साठी साधारणपणे ७,५०० डॉलर. ते आधी तपासा.

वेळेवर सापडलं तर हे निस्तरता येतं. प्लॅनचं वर्ष डिसेंबरला संपत असेल तर १५ मार्चच्या आत पैसे परत गेले पाहिजेत, नाहीतर जास्तीच्या रकमेवर कंपनीला १० टक्के दंडकर बसतो. वर्ष संपल्यावर बारा महिने उलटून गेले तर नुसतं परत देऊन भागत नाही. माझ्या प्रकरणात ते उलटून गेले होते. अशा वेळी एक रस्ता असा, की जास्तीची रक्कम कमाईसकट परत द्यायची आणि तेवढीच रक्कम कंपनीनं पदरची काढून बाकीच्या कामगारांच्या खात्यात घालायची. माझ्या तेव्हाच्या साहेबांनी मला एक शब्द ऐकवला नाही. फॉर्मवरचा प्रश्न बदलायला लावला.

तो प्रश्न कसा विचारायचा, हे मला या सगळ्या लेखात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "घरचं कुणी कामाला आहे का?" असं विचारू नका. मालकाच्या मनात घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं. नातं नाव घेऊन विचारा. नवरा किंवा बायको, मुलगा, मुलगी (लग्न झालेली असली तरी, दत्तक असली तरी), आई, वडील, आजी, आजोबा, यांपैकी कुणी वर्षात एक दिवस तरी पगारावर होतं का? प्रत्येक मालकासाठी वेगळं विचारा, चौघे भागीदार असतील तर चारदा. भाऊबहीण आणि सुनाजावईही लिहून घ्या. सेक्शन ३१८ ला ते लागत नाहीत, पण पुढं सांगते तिथं लागू शकतात.

आडनावावर जाऊ नका. मोटेलवाल्यांच्या यादीत मी एकदा नऊ पटेल बघितले, त्यातले तिघंच मालकाचे. आपल्याकडं एखाद्या गावातले सगळे पाटील एका घरचे असतात का? तसंच ते. त्यापेक्षा यादीत वेगळ्या खुणा बघा. कमी पगार आणि भरमसाट टक्के. फक्त जून ते ऑगस्ट काम. विशीतला पोरगा आणि हुद्दा व्हाइस प्रेसिडेंट. अशी नावं दिसली की ईमेल टाका, लाजू नका.

की (key) एम्प्लॉयी, म्हणजे कंपनीतली कळीची माणसं, ठरवतानाही घरचे बाण हेच. टॉप-हेवी टेस्टसाठी ते लागतात. या की एम्प्लॉयींच्या खात्यात प्लॅनच्या एकूण पैशापैकी ६० टक्क्यांपेक्षा जास्त साचले, तर मालकाला बाकीच्यांसाठी साधारण ३ टक्के घालावे लागतात. मालकीच्या बाबतीत फरक इतकाच, की ५ टक्क्यांच्या वरच्या दाराशिवाय इथं १ टक्क्याच्या वर मालकी आणि दीड लाख डॉलरच्या वर पगार असं आणखी एक दार आहे, आणि हे दीड लाख महागाईबरोबर वाढत नाहीत. शिवाय मागचं वर्ष आणि चालू वर्ष असं दुहेरी बघायचं नसतं, डिटरमिनेशन डेट (टॉप-हेवी मोजायचा ठरलेला दिवस) ज्या वर्षात पडते तेवढंच वर्ष. त्यामुळं हिस्सा विकून टाकलेला माणूस एचसीईत रेंगाळतो, पण कीमधून आधी सुटतो.

बऱ्याच जुन्या टिपणांत "फॅमिली ॲग्रिगेशन" असा शब्द सापडेल. तो वेगळा. त्यात घरच्यांचे पगार आणि हप्ते एकत्र करून एकच माणूस धरायचे. १९९६ च्या कायद्यानं तो नियम गेला, १९९७ पासून लागू नाही. आता प्रत्येक जण वेगळा मोजायचा, फक्त मालकी उसनी धरायची.

शेवटचा मोठा खड्डा म्हणजे कंट्रोल्ड ग्रुप. एकाच घरातल्या दोन कंपन्या टेस्टसाठी एक धरायच्या का, हा प्रश्न. पाच किंवा कमी माणसांकडं दोन्हींत किमान ८० टक्के, आणि त्यांचा दोन्हींतला सारखा हिस्सा ५० टक्क्यांच्या वर, अशी अट. इथं सेक्शन ३१८ नाही, १५६३ चालतं. कागद दुसरा घ्या. एकाच कागदावर दोन्ही नियमांचे बाण काढलेत तर गोंधळ नक्की.

१५६३ मध्ये नवराबायकोला सूट आहे. त्याचा दवाखाना, तिचं कपड्यांचं दुकान. एकमेकांच्या धंद्यात स्वतःचा हिस्सा नाही, संचालक नाही, नोकरी नाही, कारभारात हात नाही, धंद्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न भाडं-व्याजासारखं बसल्या जागेचं नाही, आणि शेअर विकताना जोडीदार किंवा लहान मुलांच्या बाजूनं बंधन नाही, तर दोन्ही धंदे वेगळे. यातली एकही अट मोडली तर सूट गेली. ती संध्याकाळी दवाखान्याची बिलं करून देत असेल तर पुढचं गणित करायच्या आधी थांबा.

पूर्वी इथं एक गंमत होती. २१ वर्षांखालच्या मुलाला दोन्ही पालकांची मालकी लागते. त्यामुळं नवराबायकोनं सगळं वेगळं ठेवलं तरी मूल जन्मलं की त्याच्या नावावर दोन्ही धंदे, आणि झाला कंट्रोल्ड ग्रुप. कॅलिफोर्निया-टेक्साससारख्या राज्यांत नवराबायकोची मिळकत सामाईक धरतात, तिथंही सूट बुडायची. सिक्युअर २.० कायद्यानं ३१ डिसेंबर २०२३ नंतर सुरू होणाऱ्या प्लॅन वर्षांपासून हे दोन्ही काढून टाकलं. २०२३ आणि मागच्या वर्षांची दुरुस्ती हातात आली तर मात्र जुनाच नियम.

२१ पूर्ण झालेल्या मुलाचं वेगळं आहे. बापाकडं ६० आणि मुलाकडं ४० असतील तर बाप ५० च्या वर आहे, म्हणून मुलाचे ४० त्याला लागतात, त्याचे १०० झाले. मुलगा ५० च्या वर नाही, त्याला बापाचे ६० लागत नाहीत. दोघांकडं पन्नास-पन्नास असतील तर कुणालाच कुणाचं नाही. आणि इथं आजोबांचंही नातवाला लागू शकतं, नातवाकडं ५० च्या वर असेल तर. भाऊ इथंही नाही.

भाऊ येतो तो सेक्शन २६७ मध्ये, काही ईएसओपींच्या, म्हणजे कामगारांना कंपनीचे शेअर देणाऱ्या प्लॅनच्या, कामात. आणि सून येते ती ४९७५ मध्ये, म्हणजे प्लॅनच्या पैशांचे मनाई केलेले व्यवहार तपासताना. तिथं मुलाचा किंवा मुलीचा जोडीदारही कुटुंबात धरतात, भाऊ पुन्हा बाहेर. म्हणून सूनभाऊ लिहून घ्या म्हटलं. कुठलंही नातं तपासताना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात सेक्शनचा आकडा लिहा. मी लाल पेनानं लिहिते.

या वर्षी नवा प्रश्न पाठवल्यावर एका क्लायंटचं उत्तर आलं. मालकाची आई, वय ७९, मंगळवारी येऊन हिशोबाच्या वह्या बघते, वर्षाला ४,८०० डॉलर घेते, तिलाही धरायचं का? पगारपत्रकावर नाव आहे, मालकाकडं शंभर टक्के आहेत, मुलाचं आईला लागतं. धरली. तिनं स्वतः काही टाकलं नव्हतं, म्हणजे ती प्लॅनसाठी पात्र असेल तर शून्य टक्क्याची एचसीई, आणि तिच्यामुळं मुलाच्या ढिगाची सरासरी खाली आली.